वर्षातून एकदाच येणारी ओहोटी

नागपुरास समुद्र नाही. झिरो माइलच्या दगडापासून मुंबईचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ७०० किलोमीटर दूर पडतो. त्यामुळे ‘किनाऱ्यावरचे पक्षी’ हा विषय कोकणातल्या मुलांचा, आपला नव्हे, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत बरोबर नाही. आपल्याकडेही किनारा आहे, त्या किनाऱ्यावर ओहोटी येते, आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात कोकणातल्या खाडीवर दिसणारे टिलवे, चिखल्या आणि पाणटिवळे येथेही चरताना दिसतात. फरक एवढाच की समुद्राची ओहोटी दिवसातून दोनदा येते, आणि आपली वर्षातून एकदा.

ही ओहोटी असते आपल्या तलावांची. नागपुरातील अंबाझरी आणि गोरेवाडा तुम्हांला माहीत आहेतच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या जिल्ह्यांत तर गावोगावी तलाव आहेत. त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तेव्हापासून ‘माजी मालगुजारी’ यातील आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना ‘मामा तलाव’ असेही म्हणू लागले. हे तलाव मुख्यतः धानाच्या शेतीसाठी बांधलेले. पावसाळ्यात ते भरतात. पुढे काही पाणी शेतीला जाते, काही जमिनीत मुरते आणि उरलेले सूर्य उचलून नेतो. आश्विन-कार्तिकात सुरू झालेली ही ओहोटी ज्येष्ठापर्यंत चालते. मृगाचा पाऊस आला की भरती!

समुद्राच्या ओहोटीमागे चंद्राचे आणि सूर्याचे गुरुत्वाकर्षण असते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, आणि मुंबईला उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी चार मीटरांहूनही अधिक वरखाली होते. आपल्या ओहोटीमागे मुख्यतः बाष्पीभवन आणि पाटाचे पाणी असते. कारणे अगदी निराळी, पण पक्ष्यांच्या दृष्टीने परिणाम एकच: पाणी मागे सरते आणि अन्नाने भरलेला ओला चिखल उघडा पडतो.

एक सोपे गणित

ओहोटीने किती चिखल उघडा पडतो, हे केवळ पाणी किती उतरले यावर ठरत नाही. ते किनाऱ्याच्या उतारावर ठरते.

समजा, एखाद्या तलावाचा काठ इतका पसरट आहे की ५० मीटर आत चालत गेल्यावर पाणी १ मीटर खोल होते. म्हणजे उतार १:५० झाला. आता उन्हाळ्याच्या तोंडाशी या तलावाचे पाणी रोज १ सेंटिमीटर उतरते असे धरू. तर पाण्याची कड रोज ५० सेंटिमीटर मागे सरकेल. रोज सकाळी अर्धा मीटर रुंदीची नवी, ताजी, ओली पट्टी! साठ दिवसांत ही पट्टी ३० मीटर रुंद होईल.

आता त्याच तलावाच्या बांधाकडे या. तेथे दगडी पिचिंग केलेले असते. त्याचा उतार १:२ धरला, तर पाणी १ सेंटिमीटर उतरल्यावर कड फक्त २ सेंटिमीटर मागे जाते, आणि उघडा पडतो तो चिखल नव्हे, दगड. काठ उभ्या भिंतीचा असेल तर? पाणी कितीही उतरो, नवी पट्टी शून्य.

हे गणित वहीत लिहून ठेवा. या लेखातील बहुतेक सर्व गोष्टी त्यातूनच निघणार आहेत.

पायाची लांबी आणि पट्टीची रुंदी

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातील एका रविवारी आम्ही चार मित्र नागपूरहून भंडाऱ्याच्या बाजूला अशाच एका मामा तलावावर गेलो होतो. आमच्यात एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, एक बँकेत काम करणारे, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि मी पदार्थविज्ञान शिकवणारा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटलेला होता. सहाच्या सुमारास तलावावर पोहोचलो तेव्हा हवेत अजून गारवा होता. बांधावर न चढता आम्ही पलीकडच्या पसरट काठावर, बाभळीच्या आडोशाने बसलो.

उजाडू लागले तसा चिखल हलू लागला. अगदी कोरड्या कडेला टिटव्या आणि शेपटी नाचवणारे धोबी. ओल्या चिखलावर चिखल्या, थोडे धावायचे, थबकायचे, टिपायचे आणि पुन्हा धावायचे. पाण्याच्या कडेवर, जेथे पाणी नुसते चकाकते, तेथे टिलव्यांचा घोळका. त्यापुढे लाल पायांचे शेकाटे. आणखी आत राखी बगळा आणि तीन चित्रबलाक. त्याहीपलीकडे, जेथे कोणाचेच पाय टेकत नाहीत, तेथे पोहणारे वारकरी, तलवार बदके आणि बुड्या मारणाऱ्या टिबुकल्या.

बँकेतले मित्र बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, “प्राध्यापक, एवढ्याशा काठावर इतके प्रकार, आणि भांडण नाही. हे कसे?”

पोस्टमास्तर हसून म्हणाले, “टपाल वाटायला ज्याची त्याची गल्ली ठरलेली असते. एकाच्या गल्लीत दुसरा जात नाही.”

उत्तर अगदी बरोबर होते. या गल्ल्या कोण ठरवते, ते आता पाहू. टिलव्याचे वजन सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराच्या लिंबापेक्षाही कमी. त्याला २ सेंटिमीटर खोल पाण्यापर्यंत जाता येते असे धरू. १:५० उताराच्या काठावर ० ते २ सेंटिमीटर खोलीचे पाणी किती रुंदीत सापडेल? २ × ५०, म्हणजे १०० सेंटिमीटर. टिलव्याची गल्ली एक मीटर रुंद! शेकाट्याचे पाय वीतभर लांब. तो २० सेंटिमीटर खोलीपर्यंत जातो असे मानले, तर त्याची गल्ली १० मीटर रुंद होते. हाच हिशोब १:२ उताराच्या दगडी काठावर करा. टिलव्याला ४ सेंटिमीटर आणि शेकाट्याला ४० सेंटिमीटर. टिलव्याला तेथे धड उभेही राहता येणार नाही.

पायांप्रमाणेच चोचीचेही आहे. चिखल्याची चोच आखूड; तो डोळ्यांनी शोधतो आणि पृष्ठभागावरचे टिपतो. पाणटिवळ्याची चोच लांब. तो ती चिखलात खोल खुपसतो आणि स्पर्शाने किडे शोधतो. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून दोन्ही बाजूंना फिरवतो. मासा चोचीला लागला की चोच मिटते. एकाच चिखलात पृष्ठभाग एकाचा, खोल थर दुसऱ्याचा आणि वरचे पाणी तिसऱ्याचे. म्हणून भांडण कमी.

पाणी रोज मागे सरकते, तशा या सर्व गल्ल्याही रोज अर्धा मीटर आत सरकतात. काल जेथे टिलवे होते तेथे आज चिखल्या असतात. आठवडाभराने त्याच जागी धोबी दिसतील. मागे राहिलेला गाळ वाळू लागला की माणसेही ओहोटीचा फायदा घेतात. तलावाच्या पोटात पेरतात, त्या शेतीला ‘गाळपेर’ म्हणतात.

दुर्बीण कोणती आणि वेळ कोणती?

पक्षिनिरीक्षकाच्या दुर्बिणीवर ८×४० असे आकडे असतात. पहिला आकडा सांगतो की वस्तू आठपट जवळ आल्यासारखी दिसते. ८० मीटरवरील टिलवा १० मीटरवर असल्यासारखा दिसेल. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, ४० मिलिमीटर. दुसऱ्याला पहिल्याने भागा: ४० ÷ ८ = ५. दुर्बिणीतून बाहेर येणारा प्रकाशाचा झोत ५ मिलिमीटर रुंद असतो.

याचा उपयोग काय? भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली २-३ मिलिमीटर एवढीच उघडी असते. तेव्हा ५ मिलिमीटर झोतातील बराच प्रकाश वाया जातो. पहाटेच्या अंधुक उजेडात बाहुली मोठी होते, आणि मग तो सगळा झोत कामी येतो. म्हणून ८×२५ ची छोटी दुर्बीण दुपारी चांगली वाटली तरी पहाटे फिकी पडते. आणखी एक गोष्ट. दुर्बीण पक्ष्याला आठपट मोठे करते, तशी हाताच्या थरथरीलाही आठपट करते. कोपरे गुडघ्यांवर टेकून बसा. चित्र स्थिर होईल. दुर्बिणीतून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो.

साडेनऊच्या पुढे आमच्या दुर्बिणींतील चित्र पाण्यासारखे लहरू लागले. दोष भिंगांचा नव्हता. उन्हाने तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते आणि वर चढते. तिची जागा थंड, दाट हवा घेते. दाट-विरळ हवेच्या या सरमिसळीतून येताना प्रकाशाचे सतत वक्रीभवन होते, म्हणजे किरण आपली दिशा क्षणोक्षणी थोडी थोडी बदलतात. त्यामुळे पक्षी थरथरताना दिसतो. उन्हात डांबरी रस्ता लहरताना दिसतो, तेच हे.

ज्या वेळी आमचे निरीक्षण बिघडले, त्याच वेळी घारींचे काम सुरू झाले. एक घार पंख न हलवता गोल गोल फिरत उंच चढत होती. ती कोठे फिरते ते पाहा, असे मी मित्रांना म्हटले. ती शेतावर फिरत होती, पाण्यावर नव्हे. पाण्याची विशिष्ट उष्णता कोरड्या मातीच्या सुमारे पाचपट असते. शिवाय पाण्यात ऊन खोलवर पसरते आणि बाष्पीभवनातही उष्णता खर्च होते. म्हणून तेच ऊन मातीला झपाट्याने तापवते आणि पाणी मात्र गारच राहते. तापलेल्या शेतावरून गरम हवेचे स्तंभ वर चढतात. घारीला त्यांवर फुकट वर जाता येते. तलावावर असा जिना सकाळी तयार होत नाही. काठावर बसलेल्या मुलाला घारीच्या घिरट्यांवरून जमीन कोठे तापली ते तापमापकाशिवाय सांगता येईल.

निघण्याची वेळ

दुपारी आम्ही झाडाखाली डबे सोडले आणि चार वाजता पुन्हा काठावर आलो. आता आमची नजर पट्टकादंबांवर होती. राखी अंगाचा हा हंस. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूस दोन काळे पट्टे. वजन दोन-तीन किलो. आम्ही मोजले तेवीस. दिवसभर ते पाण्याकाठी स्वस्थ बसून होते. रात्री ते शेतांत आणि गवतात चरतात. पण मार्चमध्ये रब्बीची कापणी होते, दिवस मोठा होतो आणि त्यांची परतीची वेळ येते. त्यांची घरटी असतात तिबेटच्या पठारावर आणि मंगोलियातील सरोवरांकाठी. मध्ये हिमालय उभा!

हे पक्षी एव्हरेस्टवरूनही उडत जातात असे बरीच वर्षे सांगितले जाई. विज्ञानात ‘सांगितले जाई’ एवढ्यावर भागत नाही, मोजावे लागते. शास्त्रज्ञांनी पट्टकादंबांच्या अंगावर उपग्रहाला संदेश पाठवणारी छोटी यंत्रे बसवली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वांत अधिक उंची नोंदली गेली ती ७२९० मीटर. एव्हरेस्टची उंची आहे सुमारे ८८४९ मीटर. शिवाय १०० पैकी ९८ नोंदी साडेपाच हजार मीटरांच्या खालीच होत्या. हे पक्षी शिखरांवरून नव्हे, खिंडींतून आणि दऱ्यांतून जातात.

त्याचे कारण तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे. पंखाला वर उचलणारे बल हवेच्या घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. ७००० मीटरांवर ते निम्म्याहून कमी होते. घनता निम्मी झाली तर वजन तोलण्यासाठी वेग √२ पट, म्हणजे सुमारे १.४ पट वाढवावा लागतो. काम वाढते, आणि नेमका त्याच वेळी श्वासातील प्राणवायूही निम्मा होतो. पट्टकादंबाच्या रक्तातील हीमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला पकडते हे खरे, पण तेवढ्याने उंचीची किंमत फिटत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दिसले की हे पक्षी एकदा चढून तीच उंची राखत नाहीत. जमीन चढली की चढतात, उतरली की उतरतात. मिळवलेली उंची घालवणे आपल्याला वेडेपणाचे वाटेल. पण खालच्या दाट हवेत उडणे इतके स्वस्त पडते की पुन्हा चढण्याचा खर्च भरून निघतो.

आणखी एक हुशारी आहे. हिमालयाची चढण ते बहुधा रात्री आणि पहाटे चढतात. दुपारी चढणीच्या बाजूने वारे वाहतात, त्यांची मदत ते घेत नाहीत. दिवसा हवेचे तापमान १७° सेल्सिअस, म्हणजे २९० केल्विन, आणि रात्री −३° सेल्सिअस, म्हणजे २७० केल्विन धरू. दाब तोच असेल तर घनता २९०/२७० पट, म्हणजे सुमारे ७ टक्के वाढते. रात्रीची हवा शांतही असते. घार उन्हाची वाट पाहते आणि पट्टकादंब थंडीची. दोघांनाही हवा तीच, पण शरीर वेगळे म्हणून वेळ वेगळी.

सूर्य मावळल्यावर ते तेवीस पक्षी ओरडत उठले, बाणाच्या आकारात शेतांकडे गेले आणि अंधारात दिसेनासे झाले. ते चरायला गेले की कायमचे निघाले, हे त्या संध्याकाळी कोणालाच सांगता आले नसते. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पुढच्या रविवारी एकटेच तेथे गेले. काठावर शेकाटे होते, टिलवे होते. पट्टकादंब एकही नव्हता. त्यांनी वहीत तारीख आणि पुढे ‘०’ लिहिले. शून्य हीसुद्धा नोंद असते, हे विसरू नका.

काठ म्हणजे रेघ नव्हे

आता सुरुवातीच्या गणिताकडे वळू. आपण नकाशात तलावाचा काठ एका रेघेने दाखवतो. पक्ष्यांच्या दृष्टीने काठ ही रेघ नसून पट्टी असते, आणि त्या पट्टीची रुंदी उतारावर ठरते. शहरांतील तलावांचे सुशोभीकरण करताना काठाला उभी भिंत बांधण्याची, वरून फरसबंदी रस्ता नेण्याची पद्धत आहे. पाणी तेवढेच राहते, तलाव नीटनेटका दिसतो, आणि तरीही चिखल्या, टिलवे, शेकाटे दिसेनासे होतात. कोणी त्यांना मारलेले नसते. त्यांच्या गल्ल्यांची रुंदी शून्य झालेली असते, एवढेच. पोहणारा वारकरी राहील, बुडी मारणारा पाणकावळा राहील. चालणारे पक्षी मात्र जातील.

बांध पक्का हवा, यात शंका नाही. तो फुटला तर गाव वाहून जाईल. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी ओसंडून वाहिला तेव्हा नागपूरकरांनी पाण्याचा जोर पाहिला आहे. परंतु तलावाला चारही बाजूंनी बांध नसतो. ज्या बाजूला निसर्गतः पसरट काठ आहे, ती बाजू तशीच ठेवली तर माणसांची सोय आणि पक्ष्यांचे अन्न दोन्ही साधतात. पाणथळ जागांचे महत्त्व जगाने १९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेल्या कराराने मान्य केले. महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वर आणि आपल्या विदर्भातील लोणार २०२० साली, तर ठाण्याची खाडी २०२२ साली त्या यादीत आली. मामा तलावांची नावे त्या यादीत नाहीत. त्यांची नोंद आपणच ठेवायला हवी. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी नवेगावबांधच्या परिसरात वनाधिकारी असताना वर्षानुवर्षे अशाच नोंदी केल्या, आणि त्यांच्या पक्षिकोशातून पक्ष्यांची मराठी नावे आपल्यापर्यंत आली.

करून पाहा

१. मोठ्या माणसाला सोबत घेऊन जवळच्या तलावाच्या पसरट काठावर जा. पाण्याच्या कडेवर बांबूची एक खुंटी ठोका. दर रविवारी नव्या कडेवर दुसरी खुंटी ठोका आणि दोन खुंट्यांतील अंतर मोजा. ओल्या गाळात पाय रुततो. तेथे चालत जाऊ नका.

२. आठवड्यात पाणी किती सेंटिमीटर उतरले, ते बांधाच्या पायरीवर किंवा खांबावर खूण करून मोजा. खुंट्यांतील अंतराला या आकड्याने भागा. तुमच्या काठाचा उतार मिळेल.

३. पक्षी मोजताना आधी दहांचा एक गट मोजा. तो गट डोळ्यांत ठेवून थव्यात असे किती गट बसतात ते पाहा. ओला चिखल, उथळ पाणी आणि खोल पाणी असे तीन रकाने करा. तारीख, वेळ आणि हवा लिहायला विसरू नका.

४. मंगोलियात काही पट्टकादंबांच्या गळ्यात क्रमांकाची पट्टी घालतात, आणि असे पक्षी भारतात दिसले आहेत. तुम्हांला दिसला तर पट्टीचा रंग आणि अक्षरे टिपून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.

विचार करा

एका तलावाचा एक काठ १:१०० उताराचा आणि दुसरा १:५ उताराचा आहे. २० सेंटिमीटर खोल पाण्यात उभ्या राहणाऱ्या शेकाट्याला प्रत्येक काठावर किती रुंदीची गल्ली मिळेल? दोन्ही काठांची लांबी सारखी असेल, तर शेकाटे कोठे अधिक दिसतील? उत्तर आधी वहीत काढा, आणि मग काठावर जाऊन पक्ष्यांकडून तपासून घ्या.